मेहुण्याची डुलकी

चित्रभाऊंच्या निधनानंतर वर्षभराने शासकीय कलादालनाने त्यांच्या चित्रांचं मरणोत्तर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चित्रभाऊ हयातभर चष्म्याच्या दुकानात काम करत आणि सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांची चित्रं काढत. नातेवाईक ती पाहून पोट धरून हसत आणि एखादं गळ्यात पडायच्या आत निघून जात.

दालनाचे संचालक घरी आले. चित्रभाऊंच्या पत्नीने सगळी चित्रं भिंतीला टेकवून मांडली. संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, यांनी सोसलं काय काय?"

बाईंनी आठवून पाहिलं. "माझं गाणं."

"तसं नव्हे. व्यसन? उपासमार? निदान एखादा प्रेमभंग?"

"नाही हो. पोटभर जेवायचे, दुपारी घोरायचे. गेले तेही झोपेतच."

"हे अडचणीचं आहे," संचालक म्हणाले. "मरणोत्तर विभागात वेदना अनिवार्य असते."

नवऱ्याची चित्रं परक्या माणसांनीही एकदा पाहावीत, मनसोक्त हसावं, एवढीच बाईंची इच्छा होती. त्या म्हणाल्या, "वेदनेचं तुम्ही बघा. चित्रं तेवढी भिंतीवर लागू देत."

मग वेदना-निश्चिती उपसमिती बसली. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी आत्या 'हरवलेली दृष्टी' झाली. गाणाऱ्या बाई 'आक्रोश' झाल्या. खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला मेहुणा आणि त्याच्या तोंडात डोकावणारी मांजर, या चित्राला 'अंतिम श्वास' हे नाव एकमताने मिळालं. चित्रभाऊंचा एकुलता एक फोटो हसरा निघाला. तो उलटा टांगला, म्हणजे ओठ आपोआप खाली वळले.

उद्घाटनाला ही गर्दी. 'अंतिम श्वास'समोर एक कलासमीक्षक डोळे टिपत उभे होते. बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे चित्रातला मेहुणा, त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"आपण सगळेच आहोत," समीक्षक म्हणाले.

"तसं नाही, हा मीच. जेवून जरा पडलो होतो."

"हळू बोला. इथे एक माणूस मरतोय."

मेहुण्याने संचालकांना गाठलं. संचालक शांतपणे म्हणाले, "चित्रातले गृहस्थ दिवंगत आहेत, असा उपसमितीचा निर्णय आहे. आपण बाजूला बसावं."

आपल्याच मरणाची बातमी ऐकून मेहुणा गळून गेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि सवयीने त्याचा डोळा लागला. तोंड उघडलं. लोक भोवती जमले. कुणीतरी त्याच्या पायाशी फूल ठेवलं, मागे रांग लागली.

तेवढ्यात बाई तिथे आल्या. नवरा गेल्यापासून आत कोंडलेलं हसू एकदम फुटलं.

पहारेकरी धावला. "बाई, इथे हसायला मनाई आहे."

"अहो, मी त्यांची बायको."

"मग तर अजिबातच हसू नका."

त्याने त्यांना अदबीने बाहेर नेलं. पायरीवर बसून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचा तसा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला: 'पत्नीला शोक अनावर'.

लोकाग्रहास्तव प्रदर्शनाला मुदतवाढ मिळाली आहे. सगळे जातात म्हटल्यावर तुम्हीही जालच. आत हसू आलं, तर तोंडाला रुमाल लावून खांदे हलवा. तिथले बरेच जण तेच करतात. आणि बाकीचे खरंच रडताहेत, असं त्यांतल्या प्रत्येकाला वाटतं. तुम्हालाही वाटेल.