लख्खकाकूंनी उजळलेला इन्सुलेटर

"आई, टेबलावर माझी एक लाल वस्तू होती. कुठाय ती?"

सूनबाईचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण शेवटी जरा कापला. लख्खकाकूंच्या चेहऱ्यावर मात्र कृतार्थ हसू पसरलं. सकाळपासून त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

"आधी डोळे मीट," त्या म्हणाल्या, आणि पाठीमागे धरलेला हात त्यांनी मोठ्या झोकात पुढे केला. "आता बघ!"

लख्खकाकू हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. दाराची कडी, नळाची तोटी, जिन्याचा कठडा, जे हाताला लागेल ते उजळून काढायचं हा त्यांचा नेमच होता. एकदा पोस्टमन दारात बोलत उभा राहिला, तर तो निघेपर्यंत त्याच्या पिशवीचं बक्कल आरशासारखं झालं होतं. वस्तू कुणाची, हा प्रश्न काकूंना कधी पडलाच नाही. मळ दिसला की हात चालू.

त्यांच्या तळहातावर विटेच्या रंगाचा, कंगोऱ्याकंगोऱ्यांचा, डमरूएवढा एक ठोकळा लखलखत होता. दोन्ही टोकांची पितळी भोकंसुद्धा सोन्यासारखी झाली होती.

"किती कळकट दिसत होता गं! आधी तेलाच्या बोळ्यानं चोळला, मग जुन्या बनियननं पुसला. प्रत्येक खाचेत बोट घातलंय. तोंड दिसतंय बघ त्यात."

सूनबाईला त्यात खरंच स्वतःचं तोंड दिसलं. ते पांढरंफटक पडलं होतं.

"तेल?" ती खुर्चीवर बसली. "आई, अहो, हा इन्सुलेटर आहे!"

"असेल. म्हणून काय मळका ठेवायचा?"

गालाला दाढीचा साबण लावलेला काकूंचा मुलगा बाहेर आला. "भांडी घासायच्या साबणानं धुऊन टाक ना. त्यात काय?"

"तुम्ही तर बोलूच नका," सूनबाई म्हणाली, आणि तो आला तसा आत गेला.

सूनबाई इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. शहराबाहेर एक भलंमोठं डेटा सेंटर उभं राहिलं होतं, आणि तिथल्या वीजघरातल्या तांब्याच्या जाड पट्ट्या तिच्या कारखान्याच्या इन्सुलेटरांवर बसवल्या होत्या. आज दुपारी तिथं पहिल्यांदा वीज सोडायची होती. त्याआधी हा मंजूर झालेला नमुना घेऊन तिनं जायचं, बसवलेला माल नमुन्याशी ताडून बघायचा आणि सही करायची.

"माझी सही झाली नाही तर वीज सोडता येणार नाही," ती म्हणाली. "आणि वीज नाही सोडली तर मला कारखान्याचं फाटक पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नाही."

काकूंनी ठोकळा अलगद टेबलावर ठेवला. सूनबाईची नोकरी म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या कौतुकाची गोष्ट. "पण तेलानं असं होतं तरी काय?"

"तेलाला धूळ चिकटते, धुळीला ओल चिकटते, आणि मग वीज त्या वाटेनं सरळ चालत पलीकडे जाते. इन्सुलेटरच्या आत शिरत नाही, अंगावरून जाते."

अशी माणसं काकूंच्या ओळखीची होती, पण ती वेळ बोलायची नव्हती. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "मी घाण केली, मीच निस्तरणार. चल."

"घाण कुठे केलीत? स्वच्छच केलंत. तोच तर घोटाळा आहे."

तेल उतरवायला सूनबाईनं प्रथमोपचाराच्या डब्यातून स्पिरिट आणि कापूस काढला, आणि कारखान्याच्या गाडीत सासूसुना शेजारी बसल्या. वाटभर काकू तो ठोकळा मांडीवर घेऊन पुसत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्या एखाद्या वस्तूची चकाकी उतरवत होत्या. जिवावर आलं होतं, पण हात थांबला नाही.

"ह्या खाचा कशाला गं? नक्षी?"

"नक्षी नाही. विजेला पलीकडे जायची वाट लांब व्हावी म्हणून. चढा, उतरा, पुन्हा चढा. दमते ती."

"आणि हा करतो काय?"

"काहीच नाही. एवढ्या जोराची वीज डोक्यावर घेऊन उभा राहतो आणि काही होऊ देत नाही. तेच त्याचं काम."

काकूंनी ठोकळ्याकडे नव्यानं पाहिलं. इतका वेळ त्या त्याला उलटासुलटा करत होत्या. आता तान्ह्या बाळाला धरावं तसा दोन्ही हातांनी धरला. "हात पुढे करू नको, बोट लागेल तुझं," त्या सुनेलाच म्हणाल्या.

उद्घाटनाचा दिवस असल्यानं पाहुण्यांचे पास काढून ठेवलेले होते. डेटा सेंटरच्या फाटकावर रखवालदारानं विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या..." सूनबाईनं क्षणभर विचार केला. "स्वच्छता विभागाच्या."

आत डेटा सेंटरचे व्यवस्थापक स्वागताला उभे होते. त्यांच्या बुटांत छत दिसत होतं. काकूंना गृहस्थ पाहताक्षणीच आवडले.

आधी त्यांनी काकूंना काचेपलीकडून मोठं दालन दाखवलं. उंच काळ्या कपाटांच्या रांगाच रांगा, पार नजर पोचत नाही तिथपर्यंत. "आता निजलीत ही," व्यवस्थापक म्हणाले. "वीज आली की जागी होतील. मग कुणाचा दवाखान्याचा अहवाल, कुणाच्या नातवाचे फोटो, कुणाचं गाडीचं तिकीट, सगळं इथं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. क्षणभरसुद्धा विजेचा खंड पडून चालत नाही."

काकूंचे हात आपोआप जुळले. एवढ्या लोकांचा संसार इथं, आणि तो कुणाच्या जिवावर, तर मघा मांडीवर घेतलेल्या त्या बुटक्याच्या! आपण त्याला तेल चोळलं, या विचारानं त्यांना कानकोंडं झालं.

मग तिघं वीजघरात गेली. भिंतभर लोखंडी कपाटांची दारं उघडी होती. आत तांब्याच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली लाल इन्सुलेटरांची ओळ, कवायतीला उभी असावी तशी ताठ. सूनबाईनं रुमालात गुंडाळलेला नमुना काढला आणि पहिल्या इन्सुलेटरशेजारी धरला. तिच्या कपाळाला आठी पडली. नमुना कोरडा, मंद. बसवलेला मात्र झगझगत होता.

व्यवस्थापकांनीही पाहिलं. "हे काय मॅडम? नमुना निस्तेज आणि माल चकचकीत? नमुनाच खराब आणलाय तुम्ही!"

नमुन्याचं काय झालं ते सांगावं तर सासू उघडी पडते, न सांगावं तर नोकरी जाते. सूनबाईनं काकूंकडे पाहिलं. काकू एका कपाटात मान घालून मंत्रमुग्ध उभ्या होत्या.

"अगबाई! काय उजळलेत हो! माझ्याहून छान. कुठलं तेल म्हणायचं?"

व्यवस्थापकांची छाती फुगली. जाणकार भेटल्यावर कुणाला बरं वाटत नाही? "तेल नाही काकू, तेलानं डाग राहतात. मोटारीच्या डॅशबोर्डाला मारतात ना, तो फवारा. मोठे साहेब येणार, फोटो निघणार. सकाळी सगळ्यांवर मारून घेतला."

"खाचांमध्येसुद्धा?"

"खाचांमध्येसुद्धा! जुन्या टूथब्रशनं."

"टूथब्रश!" काकूंनी कपाळावर हात मारला. "एवढी वर्षं मला कसं नाही सुचलं?"

दोन समानधर्मी एकमेकांकडे कौतुकानं बघत राहिले. सूनबाई भिंतीला टेकली.

"साहेब," ती अगदी हळू म्हणाली, "सगळ्यांवर?"

"एकही सोडला नाही."

"मग दुपारी वीज सोडता येणार नाही."

तो फवाराही तेलकटच असतो, हे तिनं सांगितलं, आणि तेल, धूळ, ओल आणि चालत जाणारी वीज हे सगळं पुन्हा समजावलं. व्यवस्थापकांच्या बुटांची चकाकी सोडून बाकी सगळी उतरली. त्यांनी घड्याळ पाहिलं, कपाटांची रांग पाहिली, आणि लहान मुलासारखे काकूंकडे वळले. "आता हो?"

"आता काय? पुसायचं," काकू म्हणाल्या. बाह्या वर गेल्यासुद्धा. "स्पिरिट मागवा, कापूस मागवा, माणसं बोलवा. आणि बोटं नाही लावायची, हातमोजे! रडायला मागाहून वेळ आहे."

वायरमन आले, झाडलोटवाले आले, स्वागताला उभ्या केलेल्या मुली आल्या. सगळे खाली वाकून लाल ठोकळे पुसू लागले. काकू मागून फिरत होत्या. "तो चमकतोय अजून. पूस. अगं, लाजतेस काय, चांगला मळकट दिसू दे!" हे वाक्य आपल्या तोंडून निघालं यावर त्यांचाच विश्वास बसेना.

एवढ्यात सूट घातलेले एक वयस्क गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. "इथं काय चाललंय?"

काकूंनी त्यांच्या हातात कापूस दिला. "बरे आलात. उंच आहात, तो वरच्या कोपऱ्यातला कुणाच्या हाताला येत नाही. कोट काढा आधी."

व्यवस्थापक "साहेब, साहेब" करत पुढे धावले. मोठ्या साहेबांनी एकवार त्यांच्याकडे, एकवार काकूंकडे पाहिलं, आणि निमूटपणे कोट काढला. वरचा कोपरा त्यांनी फार मन लावून पुसला. फोटो निघाला तोही तसाच, बाह्या वर केलेला.

सूनबाईनं यंत्र लावून एकेक ओळ तपासली. प्रत्येक वेळी काकू श्वास रोखत, प्रत्येक वेळी सूनबाई होकारार्थी मान हलवी. शेवटची ओळ झाली आणि तिनं सही केली. अक्षर सरळ आलं.

सगळे काचेमागे जाऊन उभे राहिले. मोठ्या साहेबांनी बटण दाबलं.

ठिणगी नाही, धूर नाही, चुरचुर नाही. फक्त दूर कुठेतरी एक घुमारा उठला, आणि दालनात रांगेमागून रांग हिरवे ठिपके उजळत गेले, जणू कुणी अंधारात तारे पेरत चाललं होतं. इकडे वीजघरात ते लाल बुटके जसे होते तसेच उभे. डोक्यावर केवढा लोंढा वाहतोय, आणि चेहऱ्यावर रेष हलत नाही.

"झालं?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"झालं."

"पण काहीच झालं नाही!"

"हो, आई," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंच्याही आलं. त्या किती तरी वेळ तिथून हलल्या नाहीत.

घरी जिन्यातच शेजारीण भेटली. "काय हो, सूनबाईच्या कामावर गेला होतात म्हणे? कसं झालं?"

काकूंनी कठड्याला धरलं. आवाज भरून आला होता. "काय सांगू तुम्हाला! एवढी मोठी जागा, एवढी माणसं, साहेबांनी बटण दाबलं... आणि काहीच झालं नाही हो. काही म्हणजे काही नाही!"

शेजारणीनं हळहळून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नका मनाला लावून घेऊ. पोर हुशार आहे. पुढच्या वेळी होईल काहीतरी."

संध्याकाळपर्यंत अर्धी इमारत सूनबाईचं सांत्वन करून गेली. तिनं प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला हात जोडून एकच सांगितलं, "देवाच्या कृपेनं पुढेही काही न होवो."