कात्रीची हरकत

टर्रर्र! स्टीलच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि दुपारच्या शांततेत सगळं स्वयंपाकघर वाजलं. सुनेने झेप घेऊन तो पोटाशी धरला. आतल्या खोलीत चार वर्षांच्या भिंगरीने कूस बदलली, एक उसासा टाकला आणि पुन्हा झोपली. पलीकडच्या खोलीचं दार बंद होतं. सासूबाई दोन ते तीन 'जरा पडत' असत, तेव्हा त्यांना हाक मारायची नाही, हा घरचा नियम.

मोबाईलवर मुक्त ज्ञानकोशाचा निरोप होता: 'तुमचा लेख वगळण्यासाठी सुचवला आहे. चर्चा सात दिवस.'

तिने निरोप पुन्हा एकदा वाचला. भिंगरीच्या आधी ती लिफ्टच्या कारखान्यात इंजिनीयर होती. त्यानंतरच्या चार वर्षांत सुरू केलेली कुठलीच गोष्ट पुरी झाली नव्हती. साधा चहासुद्धा नाही. हा एक लेख मात्र तिने पुरा केला होता. 'लिफ्टच्या दाराचा खटका': दार नीट लागेपर्यंत लिफ्टला हलू न देणारा, बोटभर लांबीचा. अकरा दुपारी लागल्या होत्या त्याला. ज्ञानकोशावर तिने नावही 'दुपारपाळी' असंच घेतलं होतं.

हरकत घेणाऱ्याचं नाव होतं 'कात्री'. कात्रीने लिहिलं होतं, 'विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. संदर्भ दोन: एक कंपनीचं माहितीपत्रक, दुसरा लेखकाचा स्वतःचा अनुभव. ज्ञानकोश म्हणजे अनुभवांची वही नव्हे.'

"मेल्या कात्रीला एकदा उघड्या दाराच्या लिफ्टमध्ये उभं करायला हवं," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

"एवढंच ना? आपण मतं देऊ. मी आत्ता खातं काढतो," नवरा म्हणाला.

"तिथे मतं मोजत नाहीत रे, पुरावे बघतात."

पण तोवर त्याने लिहूनही टाकलं होतं: 'ठेवा. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.'

"खटक्यावर? डोळ्यांत पाणी?"

"तुझी अक्षरं बारीक होती गं."

सासरे पेपर बाजूला ठेवून उठले. सुनेवर संकट आलंय एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. त्यांनी लिहिलं, 'ठेवा. मुलगी गुणी आहे.' दुसऱ्या दिवशी त्यांचे पत्त्यांचे चार भिडू आले. डाव मांडण्याआधी सासऱ्यांनी चौघांना कोचावर ओळीने बसवलं, घरच्या वायफायचा पासवर्ड दिला आणि एकेकाचं खातं उघडून दिलं. एकाने लिहिलं, 'ठेवा.' दुसऱ्याने, 'ठेवाच.' तिसऱ्याने, 'वरीलप्रमाणे.' चौथा चष्मा विसरला होता; त्याने चुकून आपल्या गुडघेदुखीची माहिती टाकली.

चौथ्या दिवशी सुनेचं खातं गोठवलं गेलं. आरोप होता, एकच माणूस अनेक नावांनी मतं देतो आहे.

"अहो बाबा, काय करून ठेवलंत!"

"म्हणजे? सहा जण म्हणजे मी एकटाच, असं वाटलं त्यांना?" सासऱ्यांना यात थोडा मोठेपणाही वाटला.

सहाव्या दिवशी ज्ञानकोश सांभाळणाऱ्या प्रचालकांच्या चौकशीचा निकाल आला. सगळे मोबाईलभोवती जमले आणि नवऱ्याने मोठ्याने वाचलं, "'ठेवा म्हणणारी सगळी खाती एकाच घरातली आहेत. लेखकही त्याच घरातला. हरकत घेणारी कात्रीसुद्धा त्याच घरातली. गेली तीन वर्षं ती रोज दुपारी दोन ते तीन काम करते. तिचं काम चोख असल्याने तिचं खातं चालू ठेवत आहोत. बाकीच्यांनी आधी घरात ठरवावं.'"

दोन ते तीन. सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या.

सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली. एकतीस वर्षं त्या ग्रंथपाल होत्या. घाईत काही बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"दुपारपाळी म्हणजे तू?" त्या सुनेला म्हणाल्या. "मला वाटलं, कारखान्यातला कुणी बाप्या असेल."

"आई, तुम्ही झोपत नाही दुपारी?"

"तू झोपतेस?"



"मग आता घे की हरकत मागे," सासरे म्हणाले.

"का? सून माझी आहे म्हणून? संदर्भ कुठंय?" सासूबाई ताडकन उठल्या. "चल गं, साडी बदलते. उद्या मुदत संपतेय. हरकत घेणाऱ्याने संदर्भ शोधू नये, असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

सासूबाई, सून आणि भिंगरी अशी वरात जुन्या ग्रंथालयात पोचली. तांत्रिक विभाग चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरून सासूबाईंनी बटण दाबलं. लिफ्ट हलेना. पुन्हा दाबलं. ढिम्म.

"बिघडली वाटतं," त्या म्हणाल्या.

सुनेने वाकून पाहिलं. सासूबाईंच्या पदराचं टोक दारात अडकून बाहेर लोंबत होतं. तिने ते हळूच आत ओढलं आणि दार लावलं. कट्ट! लिफ्ट निघाली.

"हाच तो?" सासूबाईंनी पदर छातीशी घट्ट धरला.

"हाच."

दुसरा मजला मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "तरी अनुभव हा संदर्भ नव्हे."

पण वर पोचल्यावर त्या शिडीवर अशा चढल्या की नवा ग्रंथपाल खुर्ची सोडून धावला. तासाभराने त्यांनी धुळीने माखलेले दोन ग्रंथ सुनेच्या हातात ठेवले. एक लिफ्टच्या अपघातांच्या चौकशीचा अहवाल. दुसरा अभियांत्रिकीचा, त्यात खटक्यावर अख्खं प्रकरण.

सुनेचं खातं अजून गोठलेलंच होतं. म्हणून कात्रीनेच दोन्ही संदर्भ लेखात घातले आणि खाली लिहिलं, 'हरकत मागे घेते. लेख उत्तम आहे. हे मी सासू म्हणून म्हणत नाही.'

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता निकाल लागला: ठेवा. सासऱ्यांनी चारही भिडूंना फोन केले. सून आणि सासूबाई, पहिल्यांदाच एका टेबलाशी समोरासमोर, न विसरलेला गरम चहा पीत होत्या.

फोनच्या गडबडीने भिंगरी जागी झाली. डोळे चोळत ती आईच्या मांडीवर चढली.

"आई, खटका पुस्तकात सापडला म्हणून ठेवला?"

"हो गं राणी. आपण नुसतं सांगून चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी पुस्तकात लिहिलेलं लागतं."

भिंगरीने विचार केला. आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग तू माझी आई आहेस, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"