मनी, भाऊसाहेब आणि इतर तिघे

सर्वांची नावे एकाच मायेने घेणाऱ्या आणि कोणालाही ‘इतर’ न म्हणणाऱ्या त्या जगन्नियंत्याला प्रथम नमस्कार. श्रोतेहो, ही माया एका गृहस्थांनी यंत्राकडून करवून घेऊ म्हटले, त्याची ही कथा.

हे गृहस्थ संगणकासाठी प्रोग्राम लिहीत. सासरची मंडळी त्यांना जावईबापू म्हणत. आपणही तेच म्हणू. जे काम दुसऱ्यांदा हाताने करावे लागेल त्यासाठी प्रोग्राम लिहायचा, असे त्यांचे व्रत होते. (एकदाच करायच्या कामासाठीही ते लिहीत, पण भक्ती वाढली की असे होते.)

नव्या घरातले पहिले जेवण रविवारी ठरले. पत्नीने आप्तांच्या एकेका घरातली नावे मानाच्या क्रमाने लिहून काढली आणि ती फोनवर निमंत्रणे लिहायला बसली.

“अगं थांब! नावं घ्यायची, मध्ये स्वल्पविराम द्यायचे, शेवटच्या नावाआधी ‘आणि’ टाकायचं. हे काय माणसाचं काम आहे?”

“मग कोणाचं?”

“प्रोग्रामचं. पाच ओळी लिहितो, झालं.”

“अहो, निदान आत्याचं तरी मी हातानं लिहिते. तिला न दाखवता घर घेतलं म्हणून ती आधीच फुगून बसलीय. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. ती आली नाही तर या घरात माझं मन रमायचं नाही, सांगून ठेवते.”

“यंत्र भेदभाव करत नाही,” जावईबापू प्रसन्नपणे म्हणाले आणि तिच्या हातून कागद काढून घेतला.

प्रोग्राम झाला. परंतु मोठ्या घरांची वाक्ये फार लांबू लागली, म्हणून त्यांनी नियम घातला : पहिली दोन नावे घ्यावीत, उरलेल्यांना ‘आणि इतर’ म्हणून नुसते मोजावे. पहिली दोन कोणती? तर लहान शब्द आधी, लांब शब्द नंतर. म्हणजे वाचणाऱ्याची नजर अडखळत नाही. ही युक्ती सुचल्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठ थोपटली, बटण दाबले आणि ते आंघोळीला गेले.

आता आत्याबाईंच्या घरची नावे पाहा. वर ‘मोठ्या आत्याबाई’, मग त्यांचे चिरंजीव ‘भाऊसाहेब’, मग ‘वहिनीसाहेब’, मग ‘धाकटी ताई’ आणि सर्वांत खाली, आत्याबाईंची लाडकी म्हणून, मांजर : ‘मनी’. जितका मान मोठा, तितका शब्द लांब. आणि जितका शब्द लांब, तितकी जागा मागे. हे संकट त्या विद्वानांच्या ध्यानी आले नाही.

ते अंग पुशीत बाहेर आले, तोच फोन वाजला. पत्नीने आवाज मोठा केला.

“पोरी, निमंत्रण पोचलं हो. ‘मनी, भाऊसाहेब आणि इतर तिघे यांनी अगत्य यावे.’ मनीला वाचून दाखवलं. विचार करून कळवते म्हणाली.”

“आत्या, अगं, तू येणार ना?”

“मला काय विचारतेस? मी इतर तिघांतली!”

फोन बंद झाला. पत्नीने पतीकडे पाहिले. त्या दृष्टीपुढे टॉवेलही थरथरला.

“आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो!”

“हातानं लिहा.”

“हातानं चुका होतात गं,” असे म्हणून त्यांनी प्रोग्रामला यादीत एकच नाव दिले : मोठ्या आत्याबाई. आता पुढे कोण घुसणार? पण शेवटच्या नावाआधी ‘आणि’ टाकावे, एवढेच त्या बापड्या प्रोग्रामला शिकवलेले होते. आणि एकटे नाव हे शेवटचेही असतेच. निरोप गेला : ‘आणि मोठ्या आत्याबाई यांनी अगत्य यावे.’

फोन पुन्हा वाजला.

“अख्खं गाव बोलावून झाल्यावर आमची आठवण झाली वाटतं?” एवढेच ऐकू आले.

त्यानंतर पत्नी पतीशी न बोलता भिंतीशी बोलू लागली. “भिंती गं, काही माणसांना पाच ओळी लिहून घर मोडता येतं हो.” मग तिने आपल्या हाताने एकच ओळ पाठवली : ‘आत्या, घर तू बघितल्याशिवाय माझं होत नाही. ये.’ उत्तर आले नाही.

रविवारी सगळे जमले. मधली खुर्ची रिकामी होती आणि पत्नी सारखी दाराकडे पाहत होती. पाने वाढली, तेव्हा कुठे घंटा वाजली. दारात आत्याबाई, हातात झाकणाची टोपली, मागे भाऊसाहेब, वहिनीसाहेब, धाकटी ताई.

“मुख्य पाहुण्या टोपलीत आहेत,” आत्याबाई म्हणाल्या. “आम्ही इतर लोक आत आलो तर चालेल?”

पत्नी हसत, रडत त्यांच्या गळ्यात पडली. “तुझ्या हातची ती ओळ आली नसती ना,” आत्याबाई तिच्या कानात म्हणाल्या, “तर मनीला एकटीलाच रिक्षात बसवून देणार होते.”

घर पाहून झाले. जिना अरुंद ठरला, स्वयंपाकघर पसंत पडले. आत्याबाई मधल्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी विचारले, “काय हो जावईबापू, मनीचा नंबर पहिला लागला तरी कसा?”

कोणी विचारावे याचीच ते वाट पाहत होते. त्यांनी लहान शब्द आधी, लांब शब्द नंतर हे सारे रसाळपणे समजावून सांगितले.

“अस्सं!” आत्याबाईंनी मनीला टोपलीतून काढून जावईबापूंच्याच खुर्चीवर ठेवले. “मग ‘जावईबापू’ हा शब्दही चांगला लांबच आहे की. तुम्ही मागाहून बसा.”

जावईबापू स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवले. निघताना आत्याबाईंनी पत्नीच्या डोक्यावरून हात फिरवला, “सुखी राहा, पोरी,” म्हणाल्या, चपला घातल्या, टोपली उचलली, जिना उतरू लागल्या, आणि अर्ध्या वाटेवरून त्यांचा आवाज आला :

“आणि जावईबापू!”

श्रोतेहो, तुमच्या घरी ज्याला त्याला आपल्या नावाने हाक मिळो, जेवायला बसताना कोणी मोजणीत मागे न पडो, आणि रुसून गेलेले माणूस मांजराचे निमित्त करून का होईना, तुमच्या दारी परत येवो. सर्वांचे कल्याण असो.