वडाच्या वाटणीचा फोटो

केवलरामच्या कॅमेऱ्यात एकच फोटो काढायचा शिल्लक होता आणि तो कौशल्याला हवा होता.

"लगन होऊन सहा वर्सं झाले," ती म्हणाली. "तुमच्या फोटोच्या डब्यात माहा एक फोटो नाई."

"हा बागेतल्या वडाचा आहे. क्लबात प्रदर्शन आहे, झाडाईचेच फोटो लावून राहिले."

"मंग वडाजवळ मलेबी उभी करा."

"माणूस आला का झाडाची शोभा जाते," केवलरामने ठणकावून सांगितलं. कौशल्याने कणकेचा गोळा परातीत असा आपटला की शेजारच्या क्वार्टरात ऐकू जावं.

केवलराम भिलाईच्या नव्या कारखान्यात क्रेन चालवायचा. वितळलेल्या लोखंडाने भरलेलं लॅडल, म्हणजे खोलीएवढी बादली, लोकांच्या डोक्यांवरून सांभाळून न्यायचं, हे त्याचं काम. दिवसभर आग पाहिलेल्या डोळ्यांना झाडांचं वेड लागलं होतं. नव्या वसाहतीत जिकडेतिकडे गुडघ्याएवढी रोपं कुंपणात उभी होती. बागेत मात्र पूर्वीच्या गावाची मोठी झाडं तशीच राखलेली होती. पळस, मोह, कुसुम अशा सात झाडांना त्याने कॅमेऱ्यात घेतलं होतं. राहिला होता वड. त्याच्या पारंब्यांवर दुपार कलल्यावर जे ऊन पडायचं, त्याने केवलरामचा जीव अगदी हरखून जायचा.

कोणत्या झाडावर ऊन कधी येतं, हे त्याला पाठ होतं. तिथी मात्र माहीत नसायची. शिफ्टच्या माणसाला आज काय आहे असं विचारलं, तर तो 'बी शिफ्ट' म्हणतो. त्यामुळे सुटीच्या दिवशी तो बागेत पोचला तेव्हा वटपौर्णिमा होऊन गेली होती आणि पाय मोडलेल्याला प्लास्टर घालावं तसा वड पांढऱ्या धाग्यांत गुंडाळलेला होता.

ऊन तर नेमकं पारंब्यांवर आलेलं. केवलरामने कॅमेरा कट्ट्यावर ठेवला आणि धागे सोडायला घेतले. फोटो झाला की परत गुंडाळून ठेवू, असा त्याचा सरळ हिशेब होता. हातात नारळाएवढा गुंडा जमला, तेवढ्यात विसरलेला तांब्या न्यायला गिरजाबाई आल्या. अख्ख्या सेक्टरातल्या बायका त्यांना वचकून असत.

"अगं माय! आमच्या माणसाईचं आयुष्य सोडून राहिला का गा तू?"

"फोटो झाला का परत गुंडाळतो, गिरजाबाई."

"कोणाचं कोणतं, कसं वळखशील?"

केवलरामने हातातल्या गुंड्याकडे पाहिलं. फोटो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो क्रेनच्या केबिनमध्ये चढला आणि खाली पाहतो तर खाली कोणीच नाही. सगळे भिंतीला चिकटून उभे.

"खाली उतर!" सोबतचा कामगार गुलाबराव ओरडला. "तुह्या लॅडलखाली आमी येत नाई."

"अरे, तीन वर्सापासून चालवून राहिलो ना मी!"

"तवा धागा साबूत होता!"

फोरमन भय्याजी तावातावाने आले. "क्या अंधविश्वास लगा रखा है?" त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. मग कोणीतरी हळूच सांगितलं की त्यांच्या घरचा धागाही त्याच गुंड्यात आहे. भय्याजींनी हेल्मेट काढलं, घाम पुसला, पुन्हा घातलं. "केवलराम, पहले धागा बाँध के आ. नहीं तो कल से गोदाम में बैठना."

गोदामाचं नाव ऐकून केवलराम भराभर खाली उतरला. तो थेट गिरजाबाईंकडे गेला. निकाल तयारच होता: ज्याने सोडलं त्यानेच नवा धागा घेऊन सगळ्यांच्या वाटचे फेरे घालायचे, आणि तेही उपाशीपोटी.

ही बातमी सेक्टरभर झाली. दुपारी शिफ्ट सुटताच बागेत जत्रा भरली. कॅमेरा कट्ट्यावर ठेवून केवलराम धागा धरून वडाभोवती फिरू लागला.

"हळू गा! लॅडल घेऊन चालल्यावाणी चाल," गुलाबरावने सूचना केली. "बाया सात जन्म नवरा मांगतात. तू काय मांगून राहिला?"

"क्रेन!" केवलराम कळवळून म्हणाला.

फिरता फिरता त्याची नजर वर गेली. पारंब्या उजळल्या होत्या. थांबावं तर फेरा मोडतो, न थांबावं तर ऊन जातं.

"कौशल्या! कॅमेरा घे," तो ओरडला. "शेंड्यापासून बुडापर्यंत पूरा वड घे. मी मांगं गेलो का दाब बटन!"

कौशल्याने कॅमेरा पोटाशी धरला, चार पावलं पुढे आली आणि बटण दाबलं.

क्रेन परत मिळाली. रोल दुर्गहून धुऊन आला. सात फोटोंत सात झाडं होती. आठव्यात नुसता केवलराम होता. जरा पुसट, घामाघूम, हातात धागा आणि उपाशी तोंडाचा आ वासलेला. झाडाचं पानसुद्धा नव्हतं.

"वड कुठं गेला?" त्याने विचारलं.

"माणूस आला का झाडाची शोभा जाते मनता ना," कौशल्या म्हणाली. "म्हून मी झाड येऊच देलं नाई."

प्रदर्शनात सातच फोटो लागले. आठवा तिने कॅलेंडरशेजारी टांगला. केवलराम येता-जाता त्याच्याकडे बघायचा. पुढच्या सुटीला त्याने नवा रोल भरला, चपला घातल्या आणि दारातच घुटमळला.

"तुही ती लाल साडी कुठं आहे?" त्याने विचारलं. "वडाजवळ खुलून दिसन."