हवालदारांची उणे नोकरी

अर्ज दोन ओळींचा करावा की दोन पानांचा, एवढाच काय तो प्रश्न होता. हवालदारांच्या बायकोचं म्हणणं होतं, दोन ओळींचा. हवालदारांनी ते ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण बायकोचं ऐकून वागणाऱ्या माणसाची गोष्ट आजवर कुणी सांगितली आहे?

हवालदार म्हणजे फौजेतले निवृत्त लेखनिक. सगळी नोकरी त्यांनी टाइपरायटरसमोर बसून केली (गोळी म्हटली की त्यांना अजूनही आधी डोकेदुखीचीच आठवते). तरीही गल्लीत त्यांचा दरारा होता, आणि त्या दराऱ्याचं कारण बैठकीच्या खोलीत भिंतीवर काचेत लटकत होतं. तो त्यांचा फौजेतून सुटल्याचा दाखला. त्यात ‘वर्तणूक : आदर्श’ अशी एक ओळ होती आणि तिच्याखाली हवालदारांनी स्वतः लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी ही ओळ वाचावी लागे.

तिच्या वरच्या दोन ओळी मात्र कुणी वाचल्या नव्हत्या. भरती झाल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख एकमेकींच्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. दाखल्याप्रमाणे हवालदार मिसरूड फुटायच्या वयात निवृत्त झाले होते आणि टक्कल पडल्यावर भरती झाले होते. पेन्शनच्या कचेरीनेही तो दाखला कधी वाचला नव्हता, म्हणून पेन्शन सुरळीत येत होती.

चूक उघडी पडली ती बायकोच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाईंना रहस्यकथांचं वेड, आणि नेमकी एक कादंबरी अर्ध्यावर असताना अक्षरं दिसेनाशी झाली. खून झाला होता, संशयित जमले होते, आणि खुनी कोण ते कळायला मार्ग नव्हता. हवालदारांनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला. पण ते खुनाचं वर्णनसुद्धा सामानाची यादी वाचल्यासारखं वाचत, त्यामुळे दुसऱ्याच पानावर बाईंनी पुस्तक काढून घेतलं आणि उशाशी ठेवलं. रोज त्या नुसतं चाचपून बघत. बाहेरच्या डॉक्टरांचा खर्च झेपणारा नव्हता. फौजेच्या दवाखान्यात सगळं फुकट होतं, म्हणून ते भिंतीवरचा दाखला काढून तिथल्या खिडकीशी गेले.

“काका, तुमची नोकरी उणे येतेय,” खिडकीतली मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली.

“उणे म्हणजे कमी भरतेय का?”

“कमी नाही, उणे. म्हणजे ज्यांनी नोकरीच केली नाही, त्यांच्यापेक्षाही तुमची कमी आहे.”

“मशीन चुकलं असेल.”

“मशीन तुमचाच दाखला वाचतंय, काका. तारखा दुरुस्त करून आणा, काकूंना लगेच दाखल करून घेऊ.”

घरी आल्यावर बायकोने एकच विचारलं. “तो दाखला टाइप कुणी केला होता?”

“मीच,” हवालदार म्हणाले.

त्याला इलाज नव्हता. त्या छावणीत सगळ्यांचे दाखले तेच टाइप करायचे. शेवटच्या दिवशी बाहेर ट्रक हॉर्न वाजवत उभा, ट्रंक ट्रकमध्ये, मन ट्रकच्याही पुढे गेलेलं, आणि बोटं तेवढी टाइपरायटरवर. वरच्या साहेबांनी न वाचता सही ठोकली. (न वाचता सही करायची सवय त्यांना हवालदारांनीच लावली होती.)

“मग सरळ लिहा ना,” बायको म्हणाली. “माझ्या हातून चूक झाली, दुरुस्त करून द्या. दोन ओळी.”

“तुला कचेरीतलं कळत नाही. नुसता गरीब अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“मीच तळाशी घालायचो.”

तेव्हा त्यांनी दोन पानं लिहिली, आणि अर्जाला जरा जोर यावा म्हणून शेवटी एक वाक्य जोडलं : ‘असा अक्षम्य निष्काळजीपणा करणाऱ्या बेजबाबदार लेखनिकाचा शोध घेऊन त्याच्यावर कडक कारवाई व्हावी.’ वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

“अहो, तो लेखनिक तुम्हीच ना?”

“त्यांना कुठे माहीत आहे?”

फौजेच्या ज्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज गेला, त्याने आजवर कुणाचा शोध लावल्याचं ऐकिवात नव्हतं. या वेळी मात्र लावला. एके सकाळी पोस्टमन दोन रजिस्टर पत्रं घेऊन दारात उभा राहिला. एक तक्रारदाराला, दुसरं आरोपी लेखनिकाला. पत्ता एकच.

“बाई, हे दोघंही इथेच राहतात का?” पोस्टमनने विचारलं.

“राहतात,” बायको म्हणाली. “एक चुका करतो, दुसरा आरडाओरडा करतो. द्या इकडे.”

तारखांचं काय, यावर पत्रात अवाक्षर नव्हतं. तक्रार गंभीर असल्यामुळे आधी चौकशी होईल आणि निकालाप्रमाणे दाखल्याचं बघितलं जाईल, असं लिहिलं होतं. हवालदारांनी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

चौकशीच्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. चौकशी करणारे साहेब नियमाचे पक्के. तक्रारदाराने डावीकडे बसायचं आणि लेखनिकाने उजवीकडे. हवालदार डावीकडे बसले.

“लेखनिक गैरहजर?” साहेबांनी विचारलं.

“हजर आहे, साहेब. मीच तो.”

“मग त्यांच्या खुर्चीत बसून सांगा.”

हवालदार उठून उजवीकडे बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते ठीक, पण त्यासाठी दोन खुर्च्या लागतात हे त्यांना नवीन होतं. लेखनिक म्हणून त्यांनी ट्रकचं आणि हॉर्नचं सांगितलं. मग तक्रारदार म्हणून काही म्हणायचं आहे का, असं विचारल्यावर ते उठून डावीकडे आले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, मी तक्रार मागे घेतो. माणूस वाईट नाही.”

साहेबांचा चेहरा कठोर झाला. “लेखनिक, इकडे या. तक्रार मागे घ्यावी म्हणून तुम्ही यांच्यावर दबाव आणलात का?”

“नाही, साहेब.”

“चौकशीच्या काळात यांना भेटलात?”

हवालदारांनी खूप विचार केला. “साहेब, आम्ही एकत्रच राहतो.”

“दबाव,” साहेबांनी लिहून घेतलं. “तक्रार मागे घेता येणार नाही.”

त्यानंतर साहेबांनी दाखला हातात घेतला, आणि तो खरोखर वाचणारे ते पहिलेच सरकारी अधिकारी ठरले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

“यात तर लेखनिक त्याच दिवशी भरती झालेला दिसतो. ज्या दिवशी दाखला टाइप केला, तोच दिवस.”

“तीच तर चूक आहे, साहेब.”

“चूक की बरोबर ते नंतर. आत्ता कागदावर हा पहिल्या दिवसाचा नवशिका आहे. नवशिक्याला शिक्षा देता येत नाही. तुम्ही निर्दोष आहात, हवालदार. प्रकरण बंद करतो, दाखला आहे तसा घेऊन जा.”

हवालदारांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं. “आणि तारखा, साहेब?”

“तारखा दुरुस्त केल्या तर हा लेखनिक मुरलेला, जुना, म्हणजे दोषी ठरतो. मग मला शिक्षा द्यावी लागेल. पेन्शनला धक्का नाही, पण वर्तणुकीचा शेरा बदलेल. ‘आदर्श’ खोडून तुम्हीच सुचवलेला शब्द घालीन.”

“मी सुचवलेला?”

“अर्जाच्या शेवटी आहे. ‘बेजबाबदार’. चपखल शब्द आहे.”

हवालदार दोन खुर्च्यांच्या मधे उभे राहिले. लाल रेघेची ती ओळ म्हणजे त्यांच्या उभ्या आयुष्याची कमाई होती. लढाई नाही, पदक नाही, छातीवर लावायला काही नाही, होता तो एक शब्द. पण मग त्यांना उशाशी ठेवलेलं ते पुस्तक दिसलं, आणि ते चाचपणारा हात.

“शिक्षा द्या, साहेब,” ते म्हणाले. “पण तारखा बरोबर घाला.”

“हे कोण बोलतंय? तक्रारदार की लेखनिक?”

“दोघंही.”

नवा दाखला मिळाला. दवाखान्यातल्या मुलीने “आता अधिक आली बरं का, काका,” म्हणत बाईंना दाखल करून घेतलं. नव्या शेऱ्याबद्दल हवालदार घरी चकार शब्द बोलले नाहीत. बायको रोज सकाळी अंदाजाने ती फ्रेम पुसायची, भिंत रिकामी राहिली तर विचारणार, म्हणून त्यांनी नवा दाखला निमूटपणे त्याच काचेत घालून टांगला. ऑपरेशननंतर कधीतरी तिला तो दिसणारच, हे या हुशार माणसाच्या डोक्यात आलं ते तिच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्यावर.

मग धावपळ झाली. तिचं लक्ष वेधायला त्यांनी दारासमोरच्याच टेबलावर कादंबरी उघडून ठेवली, शेजारी नवा चष्मा ठेवला आणि स्वतः फ्रेमच्या पुढ्यात उभे राहिले. बाई आत आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चष्मा घालून म्हणाल्या, “बाजूला व्हा.”

हवालदार बाजूला झाले.

बाईंनी भरतीची तारीख वाचली, निवृत्तीची तारीख वाचली, आणि मग खालची ओळ मोठ्याने वाचली.

“तारखा दुरुस्त करायच्या तर ते बदलावं लागत होतं,” हवालदार पुटपुटले. “तुझे डोळे महत्त्वाचे. म्हटलं, गेला शब्द तर गेला.”

बाईंनी हाताने फ्रेमची काच पुसली. मग टेबलावरची लाल पेन्सिल घेतली, काच सरकवली आणि ‘बेजबाबदार’खाली छान सरळ रेघ मारली. हवालदारांना वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे येणार. ते नकळत सावधान उभे राहिले.

“मला वाचता यावं म्हणून एवढं केलंत, ते मी विसरायची नाही,” बाई कादंबरी घेऊन खुर्चीत बसत म्हणाल्या. “पण यासाठी चौकशी कशाला बसवायची? लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मला विचारलं असतं तर हाच शेरा मी तेव्हाच लिहून दिला असता. आणि तारीखही बरोबर घातली असती.”