अंकुशचा अंगठा

पहिल्या भेटीत माणसं हात पुढं करतात, निदान नाव तरी विचारतात. अंकुश माझ्या मागं गेला, कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्यावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "अडीच. खुराक वाढवावा लागंल."

मी आधी खिसा दाबला. होस्टेलचा पहिला दिवस, आणि मी उमरग्याचा, हायवेवर वाढलेला. मागून हात आला की पाकीट सांभाळायचं, हे आमच्या अप्पांनी टायरच्या दुकानात शिकवलेलं. पाकीट जागेवर होतं. अंकुश तोवर शेजारच्या खोलीतल्या पाठीकडं वळला होता.

आम्ही दोघं पशुविज्ञान आणि अन्नशास्त्र शिकायला आलो होतो. विद्यापीठाचा हा विभाग तुळजापूरच्या पुढं एका माळावर आहे. एका अंगाला शेळ्यांचा गोठा, दुसऱ्या अंगाला पनीर-खव्याची प्रयोगशाळा, आणि दोन्हींचा वास मधल्या वर्गात. जनावराची पाठ हातानं चाचपून एक ते पाच गुण द्यायचे, ही इथली पहिली विद्या. कणा करवतीसारखा लागला तर एक, सापडलाच नाही तर पाच, आणि तीन म्हणजे झकास. अंकुशच्या घरी, भूमकडं, शेळ्या होत्याच. पण त्यांना गुण द्यायचे असतात हे त्याला इथं आल्यावर कळलं. मग नवी मोटारसायकल मिळालेल्या माणसासारखा तो सुटला. गोठा पुरेना, म्हणून त्यानं माणसं घेतली.

स्वागत समारंभात विभागप्रमुखांना हार घालायचं काम त्याच्याकडं आलं. हार घातला, आणि सरळ होता होता हात सरांच्या पाठीवर गेला. माईक चालू होता.

"साडेचार. सर, चारा कमी करा. हिंडा जरा."

सर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण सकाळी गोठ्याभोवती फेऱ्या मारू लागले. आम्ही दिसलो की शेळ्या मोजत असल्याचं दाखवायचे.

अन्नशास्त्रात मात्र त्याचं मन रमेना. आम्ही गुलाबजाम चाखून रंगाला, वासाला, चवीला गुण देत बसलो की हा बाजूला उभा. "खाण्याला काय इचारतो? खाणारा कसा हाय त्ये बघ."

मी त्याच्या उलट. पुस्तकात पहिला, गोठ्यात शेवटचा. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला माझ्यापुढं उस्मानाबादी शेळी आणली. (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीला अजून कुणी कळवलेलं नाही.) काळीभोर, थंडीनं केस फुललेले, पोट टम्म. मी खिशातून हात न काढता "चार" म्हणालो, आणि वर समतोल आहारावर छोटंसं भाषण दिलं. परीक्षकांनी माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. करवत. शेळीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं पुढं निकालानंही बघितलं.

"सकाळी पेंड खाऊन पाणी पिली ती," बाहेर आल्यावर अंकुश म्हणाला. "त्ये काय पोट हाय व्हय? डोळ्यानं बघू नगं गड्या. केसाखाली बघ."

त्या वर्षी वेळ अमावस्येला मी त्याला घरी नेलं. त्या दिवशी आमच्या भागात कुणी घरात जेवत नाही. सगळं गाव शेतात, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली आणि आंबिलीची मडकी घेऊन. बसमध्येच मी त्याला शपथ घातली, की माझ्या नातेवाइकांच्या पाठीला हात लावायचा नाही. आमच्या आत्याचा आकडा जाहीर झाला असता तर मला पुन्हा त्या शेतात पाय ठेवता आला नसता.

त्यानं शब्द पाळला. आई कडब्याच्या खोपीजवळ बसून सगळ्यांना वाढत होती, अंगात अप्पांचा जाड स्वेटर.

"तुम्ही बी घ्या की, मावशी."

"मी मागनं खाते रे लेकरा. तू लाजू नको."

वाढून झाल्यावर ती उठायला लागली, गुडघा अडला, आणि अंकुशनं आधाराला म्हणून पाठीला हात दिला. मी डोळे मिटून घेतले. आत्या शेजारीच होती. पण आकडा आला नाही. त्यानं आईला उभं केलं आणि गुपचूप ताटाशी येऊन बसला. एरवी होस्टेलवर भाजी मागून मागून खाणारा माणूस, पहिल्या वाढपावरच उठला. मी मनातल्या मनात त्याच्या संयमाचं कौतुक केलं. माझी निरीक्षणशक्ती ही अशी.

संध्याकाळी स्टँडवर तुळजापूरची गाडी लागली तरी हा जागचा हलेना.

"मावशींचा दोन बी न्हाय," तो म्हणाला. "लई उतरल्यात. आज जाऊ नगं."

मी तापलो. "माझी आई काय शेळी वाटली का तुला?"

"शेळी असती तर म्या तिथंच बोललो असतो. शेळीला चारचौघांत लाज वाटत न्हाय."

"अरे, चांगली ठणठणीत दिसते की ती."

"तू स्वेटर बघितला." मग गाडीच्या पाटीकडं बघत, पुढचा थांबा सांगावा तसं तो म्हणाला, "आमच्या आईच्या टायमाला मला ह्ये येत नव्हतं."

गाडी गेली. आम्ही घरी परतलो.

दवाखान्यात जायला आईनं पुष्कळ आढेवेढे घेतले. उपास चालू आहेत, शेतात काम पडतंय, आणि मुख्य म्हणजे, "असं म्हणतं तरी कोण?" मी अंकुशकडं बोट केलं. तिनं त्याला एकवार न्याहाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. पशुविज्ञान आणि अन्नशास्त्राच्या विद्यार्थ्यानं दवाखान्याच्या फरशीचा सखोल अभ्यास केला. आई झंपरांना आतून टाके घालून ते लहान करत आली होती, हे अप्पांनाही तेव्हाच कळलं.

औषधं लागू पडली. आई सावरली, आता तर आत्याशी भांडतेसुद्धा. अंकुशच्या सुट्ट्या हल्ली आमच्याकडंच जातात. तो घरात शिरला की आई चुलीपुढून उठते आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहते.

"बघ रं बाबा. पास का नापास?"

तो अंगठा ठेवतो. "तिनाला टेकलं, मावशी."

आकडा सांगून झाला तरी हात तिथंच असतो. शेळीला एवढा वेळ लागत नाही, हे आता मलासुद्धा कळतं. आईलाही कळत असावं. ती हलत नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागते, आणि मग मीच पाय न वाजवता जाऊन ती उलटतो.