सारजाबाई दुसऱ्या डिस्कमध्ये

सारजाबाईंचा फोटो काही मिळाला नाही. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण सोमाजीतात्या नारायणगावात भरतच्या फोटो-फ्लेक्सच्या दुकानात आले तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

उद्या त्यांच्या बायकोची दशक्रिया होती. घाटावरच्या फ्लेक्ससाठी शोकाकुल मंडळींची चौतीस नावं तयार होती, दोन विरोधी पुढाऱ्यांचे हसरे फोटोही आले होते. फक्त बाईंचा फोटो नव्हता.

"आमच्या आरतीच्या लग्नात तूच फोटू काढले व्हते ना? तिचा जल्मात दुसरा फोटू न्हाई, भाऊ."

"दुसऱ्या डिस्कमधी हायेत, तात्या," म्हणत भरतने कॉम्प्युटर चालू केला. कॉम्प्युटरने पहिली डिस्क दाखवली. दुसरीबद्दल तो काही बोलला नाही.

भरतने तो बंद करून पुन्हा चालू केला. केबलवर फुंकर मारली. मग डिस्क सीडी ड्राइव्हच्याच केबलवर जोडली.

"आता?"

"आता सीडी पण दिसंना."

तात्यांनी मान डोलावली. नऊ दिवसांत त्यांना या प्रकाराची सवय झाली होती.

शेवटी भरतने डिस्कच बाहेर काढली. तिच्यावर हळदीकुंकू होतं.

"आयला, टोपी कुठंय?"

"कुणाची?"

"डिस्कची. एका केबलवर दोन डिस्का असल्या की एकीनं थोरली व्हायचं, एकीनं धाकटी. धाकटीला ही एवढीशी टोपी. टोपी न्हाई म्हंजी दोघी थोरल्या."

"आमच्या सुना," तात्या म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या भरतच्या आईने, साळुबाईंनी, खुलासा केला. "परवा दसऱ्याला पूजेच्या आधी मशीन पुसलं. त्यात पांढरी घाण अडकली व्हती. चिमट्यानं काढली."

"आये, ती घाण न्हवती!"

"मग आधी सांगायचं. इतकी वर्सं ट्रॅक्टर पुसते, कदी बंद पडला का?"

भरतने एका मेलेल्या डिस्कची टोपी काढून हिला घातली. डिस्क दिसली. आत लग्नाचे दोनशे चौदा फोटो होते. नवरी होती, बँडवाले होते, मांडवात शिरलेलं कुत्रं तीनदा होतं. सारजाबाई नव्हत्या.

एकशे सत्त्याऐंशीव्या फोटोवर तात्या ओरडले, "थांब! ही काय!"

पंगतीच्या कडेला, चौकटीबाहेरून एक हात आत आला होता. हातात आमटीचा डाव.

"तात्या, ह्यो नुसता हात हाय."

"मग? माझी बायको वळखू नको का मी? म्हनलं व्हतं, ये फोटूला. म्हनली, पंगत उठू द्या."

भरतने तो हात मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "नुसता हात छापला तर एक पुढारी खूश व्हईल, दुसरा घाटावर यायचा न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे. एक अर्ज टाइप कर."

"कुणाला?"

"ज्याच्याकडं ह्ये खातं असंल त्याला."

भरतने टाइप केलं:

"प्रति, मा. संबंधित अधिकारी. विषय: फोटोसाठी हजर राहण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराची पत्नी कै. सारजाबाई हिला उद्या सकाळी दशक्रियेपूर्वी पाच मिनिटांसाठी पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती. पंगत उठेपर्यंत अर्जदार थांबण्यास तयार आहे."